जंपसीटवर बसण्याआधी: लोसा निरीक्षक म्हणून माझा अनुभव

कॉकपिटातल्या जंपसीटवर, म्हणजे वैमानिकांमागच्या जादा आसनावर, तिसरा माणूस आला की आम्ही वैमानिक आधी तो कोणाच्या बाजूचा आहे ते ताडतो. चेक, म्हणजे आमची परीक्षा, घ्यायला आलाय, डीजीसीएचा, म्हणजे सरकारी नियामकाचा आहे, की सुट्टीला घरी निघालेला आपल्यातलाच कोणी? चेकच्या दिवशी चेकलिस्ट शब्दन् शब्द वाचली जाते. एरवीच्या दिवशी, उशीर झालेला असताना, खाली पाऊस असताना काय होतं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

लोसा, म्हणजे लाइन ऑपरेशन्स सेफ्टी ऑडिट, या एरवीच्या दिवसासाठी आहे. नेहमीच्या फ्लाइटवर निरीक्षक जंपसीटवर बसतो आणि काय होतं ते टिपतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट हेल्मराइश यांच्या गटाने १९९०च्या दशकात विमान कंपन्यांबरोबर काम करत ही पद्धत घडवली आणि २००२ मध्ये आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, तिची पुस्तिका काढली. तिच्यात दहा अटी आहेत. निरीक्षक म्हणून नाव सुचवलं गेलं तेव्हा मी त्या बारकाईने वाचल्या. बहुतेक अटी विश्वासाच्याच निघाल्या. व्यवस्थापन आणि वैमानिकांचे प्रतिनिधी, दोघांचा पाठिंबा हवा. क्रूने हो म्हटलं तरच बसायचं. फॉर्मवर नाव नको. माहिती अशा ठिकाणी ठेवायची, जिथे वैमानिकांना धोका वाटणार नाही.

मी वास्कोचा. दाबोळीला ये-जा करणाऱ्या बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं ओळखतो, त्यामुळे त्यांची पहिली प्रतिक्रिया मला तोंडावरच ऐकायला मिळाली. फोंड्याचे एक ज्येष्ठ कॅप्टन म्हणाले, "फ्लाइट डेटा, म्हणजे विमानातल्या यंत्राच्या नोंदी तपासणं, सुरू केलं तेव्हाही हेच सांगितलं होतं. शिकण्यासाठी आहे, शिक्षेसाठी नाही. मग लँडिंग जरा जोरात झालं म्हणून मला ऑफिसात कोणी बोलावलं?" त्यांना बोलावलं होतं हे खरं होतं. यावर मी काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की दोन्ही बाजूंच्या सह्यांचं पत्र आल्याशिवाय मी बसणार नाही. पत्र यायला बराच वेळ लागला. तोवर मी थांबलो.

प्रशिक्षणात बराचसा भर लिहिण्यावर होता. एकच प्रसंग सगळ्या निरीक्षकांनी वेगवेगळा नोंदवायचा, मग शेजारी ठेवून तपासायचा, जोवर नजर जुळत नाही तोवर. बाहेरून आलेली अडचण कोणती, क्रूची चूक कोणती, आणि ती कोणी, कशी सावरली, हे वेगवेगळं लिहायचं. फॉर्मवर तारीख नाही, फ्लाइट नंबर नाही.

मग पहिला नकार आला. कॅप्टन म्हणाले, "आज नको. फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) नवा आहे, त्याला दडपण येईल." मी बरं म्हणून उतरलो. काही दिवसांनी ऑफिसातून फोन आला, नकार कोणी दिला ते हवं होतं. मी सांगितलं, त्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही. तेवढ्यावर न थांबता सेफ्टी विभागाच्या प्रमुखांना भेटलो आणि म्हटलं, हा प्रश्न पुन्हा विचारला गेला तर कार्यक्रम इथेच संपेल. त्यांनी त्याच दिवशी लेखी सूचना काढली: नकार देणाऱ्याचं नाव कोणी विचारायचं नाही. ती सूचना कागदावर पोहोचण्याआधी तोंडी सगळीकडे पोहोचली. फोंड्याचे कॅप्टन पुढच्या खेपेला स्वतःच म्हणाले, "ये रे, बस."

त्या फ्लाइटवर मी काही बोललो नाही, निरीक्षकाने बोलायचंही नसतं. पावसाळा सरत आला होता. दाबोळी हा आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरचा विमानतळ. गोव्यातल्याच मोपा विमानतळासारखा निव्वळ नागरी नाही, नौदलाच्या विमानांना वाट करून द्यावी लागते. आम्हाला हवेतच थांबवून ठेवलं होतं, आणि मग उतरायची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही हवं त्यापेक्षा जरा उंचावर होतो. लँडिंग चेकलिस्ट निम्मी झाली तोच टॉवरचा कॉल आला. फर्स्ट ऑफिसरने उत्तर दिलं, आणि लगेच म्हणाला, "सर, चेकलिस्ट अर्धी राहिलीय." कॅप्टनने मान हलवली, पण राहिलेल्या ओळीपासून नाही, पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावली. उतरणं नेहमीसारखं झालं. फ्लाइट डेटात या मिनिटाचा मागमूसही सापडला नसता, कारण कुठलीच मर्यादा ओलांडली नव्हती. मला मात्र मंगळूर आठवलं. २०१०च्या त्या अपघातात १५८ माणसं गेली. सहवैमानिक गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हणत होता, आणि सहवैमानिकाने स्वतः गो-अराउंड करण्याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या, असं चौकशी अहवालात नोंदलंय. इथे धाकट्याने तोंड उघडलं आणि थोरल्याने ऐकलं. अशी नोंद फक्त जंपसीटवरूनच होते, आणि ती होण्यासाठी आधी आत बसू द्यायला हवं.

नोंदी पडताळण्याच्या बैठकीत दोन्ही बाजू एका टेबलाशी होत्या. एका वरिष्ठाने विचारलं, "ही दाबोळीची नोंद कोणत्या महिन्यातली?" वैमानिकांच्या प्रतिनिधीने उत्तर देऊ दिलं नाही. गोव्यात नाव न घेताही माणूस ओळखता येतो, मार्गावर येणारे वैमानिक मोजकेच. फॉर्मवर नाव नसलं तरी मार्ग आणि महिना जुळवला की काम झालं. शेवटी अहवालातून विमानतळांची नावंच काढली, मार्गांचे गट केले. या बैठकीत मला सगळ्यात जास्त समाधान वाटलं.

नंतर चेकलिस्ट मध्येच तुटली तर पहिल्यापासून वाचायची हा नियम स्पष्ट शब्दांत मॅन्युअलमध्ये आला, आणि निष्कर्षांचं पत्रक सगळ्या वैमानिकांना मिळालं. पण दोन फ्लाइटमधला जमिनीवरचा वेळ अपुरा आहे, ही वारंवार आलेली नोंद अजून तशीच पडून आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढच्या वेळी "बस रे" म्हणणारे कमी होतील, असं मी लेखी कळवलंय. पुढच्या फेरीसाठी माझं नाव दिलंय, पण या नोंदीचं काय केलं याचं उत्तर वैमानिकांना आधी मिळावं, अशी अट घातली आहे.