एका रात्रीत एकतीस

सकाळी प्रयोगशाळेत शिरलो, स्क्रीन पाहिला आणि पाठीवरची सॅक उतरवायचंच विसरलो. रात्रभरात एकमेकांत गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एकतीस जोड्या! एरवी आठ मिळाल्या तरी आम्ही खूश असतो.

आमचे दोन हिरे दोन इमारतींत, उणे २६९ अंशांना गार करून ठेवलेले. हिऱ्यात नायट्रोजनच्या अणूला लागून एक जागा रिकामी असते. तिथल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचं वर किंवा खाली रोखलेलं इवलंसं चुंबकत्व, हा आमचा क्यूबिट, क्वांटम माहितीचा सर्वांत छोटा तुकडा. दोन्हीकडचा प्रकाश फायबरमधून मधल्या खोलीत आणून बीम स्प्लिटरवर, म्हणजे प्रकाश दुभागणाऱ्या आरशावर, भेटवायचा. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कुठल्या हिऱ्यातून आला हे तिथे ओळखता येत नाही, म्हणूनच स्पिन एकमेकांत गुंततात: एक मोजला की दुसरा कसा असेल तेही कळतं. मग दोन्ही स्पिन उलटवून पुन्हा तेच. दोन्ही फेऱ्यांत फोटॉन टिपणाऱ्या यंत्रात एकेकच क्लिक आलं, तर जोडी जमली.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! हिऱ्यातून निघणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ३ टक्के कामाचा, आणि तो ६३७ नॅनोमीटरचा लाल. फायबरमध्ये किलोमीटरभरात यातले सहापैकी पाच फोटॉन गडप होतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने १.३ किलोमीटरवरचे हिरे असेच गुंतवले, तेव्हा एका यशामागे सुमारे पंधरा कोटी प्रयत्न पडले होते. २२० तासांत २४५ जोड्या. हरवलेला फोटॉन मात्र फक्त वेळ खातो. क्लिक नाही, तर तो प्रयत्न सोडून पुढचा.

म्हणून एकतीसने आनंदापेक्षा धास्तीच वाटली. स्पिनची मोजणी उघडली. एक वर तर दुसरा खाली, असं बहुतेक वेळा दिसायला हवं. दिसत होतं निम्म्या वेळा. नाणी उडवली असती तरी तेवढंच आलं असतं.

मग क्लिकच्या वेळांचा आलेख काढला. हिऱ्याचा प्रकाश साधारण बारा नॅनोसेकंदांच्या उताराने हळूहळू विझतो. इथे उताराच्या आधी एक टोकदार सुळका उभा होता. हिरा चमकवायला मारतो त्या लेझरचंच परावर्तन! ते अडवणारी ध्रुवीकरणाची पट्टी रात्रीत किंचित सरकली होती. तेवढ्याने बिघडलं नसतं, पण आदल्या संध्याकाळी चार फोटॉन जास्त मिळावेत म्हणून मोजणीची खिडकी, म्हणजे ज्या वेळेतली क्लिक धरायची ती वेळ, दोन नॅनोसेकंद अलीकडे ओढणारा मीच. क्लिक दुप्पट झाली. जोडीला दोन लागतात, म्हणून जोड्या चौपट.

वहीत एकतीसवर काट मारली. पट्टी जागेवर बसवली, खिडकी मागे नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात. त्यांपैकी सहांत स्पिन उलट.