चादर जप्त व्हायला इतका वेळ का लागावा?

"वॉरंटशिवाय कोणाच्या खोलीत कसं शिरता येईल जी?" हे वाक्य पोलीस ठाण्यात इतक्यांदा ऐकलं की अजूनही आठवलं की डोकं तापतं. म्हणूनच लिहितेय. जिच्यावर बलात्कार झाला ती माझी कोण, राहते कुठे, हे सांगणार नाही. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

एफआयआर झाला, मेडिकल झालं. डॉक्टरबाई भल्या होत्या, प्रत्येक नमुना घेण्याआधी तिची संमती विचारत होत्या. घोडं अडलं ते आरोपीच्या भाड्याच्या खोलीपाशी. तिथल्या चादरीचं वर्णन तिने जबाबात रंगासकट दिलं होतं. आरोपी ताब्यात होता, पण खोलीची दुसरी किल्ली त्याच्या भावाकडे. चादर बादलीत बुडवायला त्याला कितीसा वेळ लागणार? मी हेच विचारत होते आणि समोरून उत्तर यायचं, कोर्ट उघडू द्या.

खरं काय ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंकडून कळलं. (बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पहिल्याच दिवशी जा.) दखलपात्र गुन्ह्यात पुरावा हाती यायला विनाकारण उशीर होणार असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. कारणं लेखी नोंदवायची, त्याची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची, झडतीचं चित्रीकरण करायचं. मोबाइलवर केलं तरी चालतं. म्हणजे अडचण कायद्याची नव्हतीच! आरोपीचं रक्त आणि इतर नमुने घ्यायलाही वॉरंट लागत नाही. कलम ५२ प्रमाणे पोलिसांनी डॉक्टरांना विनंती केली की पुरे.

मग आम्ही तोंडी बोलणं बंद केलं. अर्ज लिहिला, त्यात कलम टाकलं, चादर धुतली जाण्याची भीती स्पष्ट मांडली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. शिक्का द्यायलाही खळखळ केली. पण तो पडला, कागद ठाणेदारांच्या टेबलावर गेला आणि गाडी निघाली. इतके तास जे होत नव्हतं ते एका कागदाने झालं, याचा राग मला जास्त आहे.

झडतीच्या वेळी मी दाराबाहेर उभी होते. चादर गादीवरच होती. जीव भांड्यात पडला. फॉरेन्सिकच्या मुलीने हातमोजे घालून आधी फोटो काढले, डागाभोवती खूण केली, घडी घालताना मध्ये कोरा कागद ठेवला, म्हणजे एका जागचा डाग दुसरीकडे लागत नाही. मग खाकी पाकीट, पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील. चादर धुतलेली असती तरी जप्त करा असा आग्रह मी धरणार होते, कारण धुतलेल्या कपड्यातूनही कधीकधी डीएनए मिळतो.

आता आठवलं म्हणून सांगते: तिचे कपडे घरून नेताना कोणीतरी प्लास्टिकची पिशवी पुढे केली होती. प्लास्टिक नको. ओल आणि आपल्या नागपूरचं ऊन, दोन्हींनी नमुना कुजतो. कपडे न धुता, न झटकता कागदी पिशवीत न्या. आणि दवाखान्यात आधी पोलिसांचं पत्र आणा म्हणाले तर हलू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, उपचार लगेच आणि मोफत द्यावे लागतात आणि पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम आहे.

न्यायसहायक प्रयोगशाळा नागपुरातच आहे. तरी पाकिटं कोणत्या तारखेला तिथे पोचली हे विचारत राहा, सीए रिपोर्टची, म्हणजे तिथल्या रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट त्यानंतरच सुरू होते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. आम्ही तेही लेखीच मागितलंय, पोचेसकट.