सुईणीच्या मुलाने रंगवलेली घरं

लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या नोव्हेंबरात अ‍ॅम्स्टलवेनला गेले होते. अ‍ॅमस्टरडॅमला अगदी लागून आहे हे गाव आणि आपली मराठी माणसं तिथे एवढी की पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमधून कोणीतरी अळिवाचे लाडू आणून दिले. डिंक, सुंठ, खारीक, बाळंतशेपा सगळं मी इथूनच भरून नेलं होतं म्हणा.

तिकडे एक फार चांगली पद्धत आहे. बाळ झालं की पहिले आठ दिवस रोज घरी एक बाई येते, आई आणि बाळ दोघांचं बघायला, या सोयीला क्राम्झोर्ख म्हणतात. आमच्याकडे जी यायची ती आली की आधी हात धुवायची, मग पाळण्यात गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवायची, थोड्या वेळाने आत हात घालून ऊब बघायची आणि मगच बाळाला आत ठेवायची. तिने आम्हाला टोस्टसारख्या गोल बिस्किटाला लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेपवजा बी पसरून दिली, बाळ झालं की हेच वाटतात म्हणे, त्या दाण्यांना तिकडे ‘छोटे उंदीर’ म्हणतात कारण बीला बारीकशी शेपटी असते. बडीशेपेने दूध येतं असं त्यांच्याकडेही मानतात. मी तिला माझा बाळंतशेपा दाखवला, तिने वास घेतला आणि मान डोलावली, आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण एवढं कळलं.

तिसऱ्या आठवड्यात लेकच म्हणाली, आई तू जरा बाहेर पड, आज हा घरी आहे. मग मी पाच नंबरची ट्रॅम पकडली आणि राइक्सम्युझियमला गेले.

खरं सांगते, मी रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ बघायला गेले होते. ते बघितलं, भव्य आहे, पुढे गर्दीही तेवढीच. पण परत येताना त्याच लांब दालनाच्या बाजूच्या एका कोनाड्यात एक चित्र दिसलं आणि मी तिथेच थांबले. जेमतेम ५२ बाय ६१ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या घरातल्या साध्या आरशाएवढं. एक आई बसलीय, पोराचं डोकं तिच्या मांडीवर, आणि ती त्याच्या केसातल्या उवा बघतेय. बस्स एवढंच.

चित्र पीटर डे होखचं, साधारण १६५८ ते १६६० मधलं, नाव ‘आईचं कर्तव्य’. आईच्या मागे भिंतीत बसवलेला पलंग आहे, कपाटासारखा, पडदा लावलेला, थंडीसाठी तशीच झोपायची सोय असायची तेव्हा. तिथेच तांब्याची लांब दांड्याची शेगडी टांगलीय, त्यात निखारे घालून अंथरूण गरम करायचे (मला लगेच आमची ती बाटली आठवली). पुढे उजव्या कोपऱ्यात लहान मुलाची शी-शूची खुर्ची. डावीकडे दार उघडं, पलीकडे दुसरी खोली, त्या खोलीचंही मागचं दार अर्धं उघडं आणि तिथून बागेतलं ऊन आत फरशीवर आलंय. मधोमध एक छोटं कुत्रं आपल्याकडे पाठ करून त्या उन्हाकडे बघत बसलंय.

अशा दारातून दिसणाऱ्या दाराला डचमध्ये खास शब्द आहे, डोअरकाइक्ये, म्हणजे आरपार बघणं. डे होखच्या चित्रांत हे सारखं येतं. मला ते नवीन नव्हतं कारण माझं माहेर वेंगुर्ल्याचं. आमच्या घरात खळ्यात उभं राहिलं की पडवी, पडवीतून माजघर, माजघराच्या अंधारातून थेट मागीलदार आणि तिथली विहीर दिसायची, आणि दुपारी आई नेमकी त्या माजघराच्या उंबऱ्याशी बसून आमची डोकी बघायची, हातात लाकडी फणी, पुढ्यात जुनं पांढरं फडकं. आपली मान अवघडलेली असते, केस ओढले जातात, बाहेर बाकीची पोरं खेळतायत ते ऐकू येतं आणि तरी त्या मांडीवर झोप येते. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, अजून तिचे पडके अवशेष आहेत, शाळेत असताना आम्ही तिथे जायचो. म्हणजे याच सतराव्या शतकात हॉलंडची माणसं आमच्या गावात व्यापार करत होती आणि तिकडे त्यांच्या घरी कोणीतरी अशीच पोरांची डोकी बघत होतं, हे तेव्हा कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन लेकीच्या लॅपटॉपवर डे होखबद्दल वाचत बसले, बाळ मांडीवर झोपलेलं. जन्म १६२९, रॉटरडॅमचा. वडील गवंडी आणि आई सुईण! हे वाचलं आणि मी लेकीला हाक मारून सांगितलं. मग सगळी चित्रं नव्याने दिसायला लागली, त्या विटा बघा ना, एकेक वीट, सांध्यातला चुना, अंगणातली झिजलेली फरशी, हे गवंड्याच्या घरातल्या पोरालाच दिसणार. आणि पाळणे, अंगावर पाजून झाल्यावर कपडे नीट करणाऱ्या बायका, मूल कसं उचलतात, कसं धरतात, हे तो सुईणीच्या घरात वाढताना ऐकत-बघतच आला असणार. माझा अंदाज आहे हा, पण मला तो पटलाय.

त्यानंतर जमेल तशी मी जात राहिले, म्युझियमकार्ड काढलं, दर वेळी तासभरच. चर्चमध्ये देवाची चित्रं लावणं प्रोटेस्टंट लोकांनी बंद केल्यावर तिथले चित्रकार घरांसाठी चित्रं काढायला लागले, विकत घेणारे व्यापारी, कारागीर, अगदी बेकरीवालेही. डेल्फ्ट गावच्या एका बेकरीवाल्याकडे त्याच गावच्या व्हर्मीर या चित्रकाराचं चित्र होतं आणि १६६३ मध्ये एक फ्रेंच प्रवासी ते बघायला त्याच्या घरी गेला होता अशी त्याचीच नोंद आहे. घरात टांगायचं चित्र म्हणून त्यात घरच.

डे होखचंच आणखी एक आहे, कोठीच्या दारात बाई लहान मुलाच्या हातात छोटा जग देतेय. आत पिंप दिसतं, त्यात बिअर, हलकी बिअर तेव्हा मुलंही प्यायची. ती जरा वाकलीय, मूल दोन्ही हात वर करून घेतंय, आणि तिने अजून सोडलेलं नाही, सांडेल का हे बघतेय. अजून एक १६६३ चं, दोन बायका धुतलेल्या चादरींची चळत मोठ्या लाकडी कपाटात लावतायत, दाराशी मूल काठी आणि चेंडू घेऊन उभं, बाहेर कालव्याकाठची घरं. तोवर डे होख अ‍ॅमस्टरडॅमला आला होता, विटांच्या जागी काळ्यापांढऱ्या संगमरवरी फरश्या आल्या. चित्र सुंदर आहे पण मला त्या श्रीमंत घरात आधीची ऊब वाटत नाही, माणसं जरा मांडून ठेवल्यासारखी.

व्हर्मीरची दूध ओतणारी बाई तर सगळ्यांना माहितीच आहे. जवळून बघितलं की तिच्या मागच्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आणि खिळ्यांची भोकं दिसतात, खाली पाय शेकायची पेटी. २०२२ मध्ये तपासणी करताना सापडलं की त्याने आधी मागे भांडी टांगायची फळी आणि खाली निखाऱ्याची टोपली काढली होती आणि नंतर दोन्ही रंगवून झाकून टाकली. म्हणजे एवढं सगळं काढून टाकलं आणि खिळा ठेवला!

याच व्हर्मीरला पंधरा मुलं झाली, चार लहानपणीच गेली. आणि चित्रांत मुलं जवळपास नाहीतच. गल्लीच्या चित्रात दोन आहेत, फुटपाथवर वाकून काहीतरी खेळतायत, पाठमोरी. ती गल्ली बघायला एक दिवस ट्रेनने डेल्फ्टला गेले. २०१५ मध्ये एका अभ्यासकाने कालव्याच्या कराच्या जुन्या नोंदींवरून शोधलं की ते घर व्हर्मीरच्या आत्याचं होतं, ती विधवा बाई जनावरांची आतडी-वजडी विकून पोरं वाढवायची. जागा व्लामिंगस्ट्राट ४० आणि ४२. घरं आता वेगळी आहेत पण मधला बोळ आहे. पाऊस भुरभुरत होता, मी त्या बोळाच्या तोंडाशी बराच वेळ उभी होते, आतून भांड्यांचा आवाज येत होता.

एक चित्र मात्र मला दोनदाच बघवलं. गॅब्रिएल मेत्सूचं ‘आजारी मूल’, १६६४ ते ६६ च्या सुमाराचं. आईच्या मांडीवर मूल पडलंय, पाय लुळे, नजर कुठेच नाही, बाजूला पेजेचं भांडं आणि चमचा तसाच. अ‍ॅमस्टरडॅमला १६६३-६४ मध्ये प्लेग आला होता, हजारो माणसं गेली. आई त्या मुलाकडे ज्या तऱ्हेने वाकून बघते ना, घरी तान्हं बाळ असताना ते नाही बघवत.

उवांच्या चित्राचा विद्वान लोक वेगळा अर्थही लावतात. फणी म्हणजे मनाची स्वच्छता, मुलाचं डोकं साफ करणं म्हणजे त्याला वळण लावणं, त्या काळच्या डच बोधचित्रांत फणी अशा अर्थाने येतेही. असेल. पण ज्याने एवढ्या मायेने त्या मुलाची मान मांडीत रुतलेली दाखवली त्याला आधी उवाच दिसल्या असणार असं मला वाटतं. ती बाई सुखी आहे का दमलीय हे चेहऱ्यावरून कळत नाही. ती फक्त बघतेय. ऊन तिकडे पलीकडच्या खोलीत आहे, तिच्यापर्यंत थोडंसंच येतं, तेवढ्यात ती काम करतेय.

परत निघायच्या आदल्या आठवड्यात लेक आणि सहा आठवड्यांची नात दोघींना घेऊन गेले, नात लेकीच्या छातीशी झोळीत बांधलेली. चित्रासमोर उभं करून मी काहीच बोलले नाही. लेक बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “आई, हे पोरगं झोपलंय गं.” एवढ्या वेळा बघून माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. म्हटलं, झोपलं असेल, आम्हीही झोपायचो. तेवढ्यात आमचं बाळ जागं झालं, रडायला लागलं, लेक बाजूच्या बाकावर बसली आणि शाल ओढून पाजायला घेतलं. मी तिचा कोट आणि टोपी हातात धरून पुढे उभी राहिले. साडेचार वाजत आले होते, बाहेर अंधार पडत होता, पाच वाजता म्युझियम बंद. तिला म्हटलं, होऊ दे सावकाश.