ए तारेची झर्र

एप्रिलचा पहिला आठवडा होता. कूलर माळ्यावरून खाली आला होता, पण त्याला नवी खस लावायची राहिली होती. १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम तोंडावर, आणि माझ्या बेस गिटारच्या स्पीकरच्या खोक्यातून नेमकी तेव्हाच झर्र यायला लागली.

सतत आली असती तर बरं झालं असतं, पण तसं नव्हतं. बेस गिटारच्या चार तारा: ई, ए, डी, जी. जाडजूड ई छेडली की खोकं गप्प. खुली ए छेडली की झर्र. तिच्याच वरचा बी-फ्लॅट दाबला की पुन्हा गप्प. खुली ए तार सेकंदाला ५५ वेळा थरथरते आणि बी-फ्लॅट साधारण ५८ वेळा. तीनच कंपनांचा फरक. पण ढिली झालेली वस्तू रुसलेल्या जावयासारखी असते. नेमका हवा तो माणूस बोलवायला आला तरच उठते, बाकीच्यांनी कितीही हाका मारल्या तरी ढिम्म.

पहिला संशय मी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर घेतला. स्टीलचे डबे, त्यांची झाकणं, आणखी काय पाहिजे? बायको पोळ्या लाटत होती. तिनं लाटणंही थांबवलं नाही. ‘‘माहे डबे पंधरा वर्षांपासून तिथंच आहेत. तुमचं खोकं दोन वर्षांआधी आलं.’’

मग खिडकीची जाळी झाली, कूलरचा पत्रा झाला. दोन्ही थोडे थोडे वाजत होतेच, म्हणजे गुन्हेगार एकटा नव्हता. शेवटी खोकं उचलून गच्चीवर नेलं. दोन दहा इंची स्पीकरांचं खोकं जिन्यानं वर नेताना आपलं वय कळतं. गच्चीवर डबे नाहीत, जाळी नाही, पत्रा नाही. ए छेडली. झर्र.

कुठून येते ते शोधायला कूलरच्या पंपाची प्लॅस्टिकची नळी कामाला आली. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं खोक्यावरून फिरवायचं, आणि ढोलकीवाल्या मित्रानं तेवढ्या वेळ ए वाजवत राहायचं. तो वैतागला. ‘‘काहून खोलून राहिला बे? आवाज तर येऊन राहिला ना?’’ समोरची जाळी निर्दोष निघाली, हँडलही निर्दोष. मागच्या बाजूला, वायर खुपसतो त्या पट्टीच्या वरच्या अंगाला नळी टेकवली, तर कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. तिथं तळहात दाबून धरला की झर्र अर्धी होत होती.

खालच्या स्पीकरचे आठ स्क्रू काढले. इथं एक सांगतो, कारण मी ही चूक करता करता वाचलो. स्पीकरचं चुंबक भलतं जोरात ओढतं. हातातला पेचकस सैल धरला तर तो आपसूक तिकडे झेपावतो, आणि मध्ये कागदी पडदा असतो. एक भोक, की खेळ खलास. दुसरं म्हणजे, वायर काढायच्या आधी कोणती लाल आणि कोणती काळी याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. दोनपैकी एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि बेस दोघांच्या भांडणातच संपतो.

आत उशीतल्यासारखा पांढरा कापूस. तो बाजूला सारला तर लाकडावर ठोकलेली छोटी पाटी दिसली. त्या पाटीचं काम एवढंच, की बारीक आवाज काढणाऱ्या वरच्या लहान भोंग्याकडे जाड आवाज जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी तिच्यावर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. हे वेटोळं कारखान्यात नुसत्या गरम गोंदावर चिकटवलेलं होतं. दोन वर्षांची थरथर आणि आमच्या वरच्या मजल्यावरची उन्हाळ्याची भट्टी, गोंदानं हात टेकले होते. वेटोळं आपल्याच दोन टोकांवर लोंबकळत पाटीवर आपटत होतं. बोटानं टिचकी मारली, तर तीच झर्र, एवढीशी.

आणखी महिनाभर असंच वाजवलं असतं तर एक टोक तुटलं असतं आणि नको तो जाड आवाज भोंग्याच्या अंगावर गेला असता.

वेटोळं चिकटवायला बर्डीवर, नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, सिलिकॉन घ्यायला गेलो. दुकानदारानं काचेला लावायचं पुढे केलं. झाकण उघडलं तर व्हिनेगरसारखा आंबट वास. आईनं तांब्याच्या भांड्यात कधी ताक ठेवू दिलं नाही, ते तिथं दुकानात आठवलं. आंबट तांब्याला खातंच. आंबट वास न येणारं, न्यूट्रल म्हणतात ते मागितलं. थोडं महाग पडलं. पाटीला दोन भोकं पाडून वेटोळं प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळलं, खाली सिलिकॉन भरलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. नुसत्या चिकटवण्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्येच तालीम. ए छेडली. गोल, स्वच्छ, बुडातून येणारा सूर. मी सगळ्यांकडे पाहिलं.

गायक म्हणाला, ‘‘आज बेस काहून कमी वाटून राहिला भाऊ? परवा कसा झर्र झर्र येत होता, मस्त!’’

त्याचंही चूक नव्हतं. ५५ चा सूर कानापेक्षा पोटाला जास्त कळतो. झर्र मात्र वरच्या पट्टीतली, ढोलकीच्या गर्दीतूनही कानाला बरोबर सापडणारी. दोन दिवस ते सगळे बेस म्हणून ऐकत होते ते माझं लोंबकळणारं वेटोळं होतं. हे त्याला समजावून सांगायला घेतलं, पण ढोलकीवाला आधीच हसायला लागला होता. मी मुकाट्यानं आवाजाचं बटण दोन घरं वर चढवलं आणि पुन्हा ए छेडली.

मांडणीत पोह्यांचा डबा वाजला. आणि त्यामागोमाग आतून, ‘‘अहो!’’