‘मी देव आहे’ असं येशू नेमकं कुठे म्हणाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नवा नाही. मी शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते, तिथे कॉलेजातली मुलं तो विचारतात; ऑफिसातले सहकारी विचारतात; कधी कोणी वाद घालायच्या तयारीनेच येतो. शब्द थोडेफार बदलतात, रोख तोच: ‘मी देव आहे, माझी भक्ती करा’ असं येशू स्वतःच्या तोंडाने म्हणाल्याचं बायबलमधलं एक वाक्य दाखवा.

नाही दाखवता येणार. ह्या शब्दांत ते वाक्य चारही शुभवर्तमानांत, म्हणजे मार्क, मत्तय, लूक आणि योहान ह्यांच्या नावाच्या येशूच्या चरित्रांत, नाही. हे मान्य करायची वेळ आली की आमची मंडळी उगाच कावरीबावरी होतात आणि घाईघाईने योहानातलं ‘मी आणि पिता एक आहोत’ पुढे करतात. मला त्यात कावरंबावरं होण्यासारखं काही दिसत नाही. उलट ते वाक्य जसंच्या तसं सापडलं असतं तर मीच बुचकळ्यात पडले असते. का, ते पुढे येईल. आधी हे सगळं कोणत्या लोकांत घडलं ते बघायला हवं.

पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात माणसाचा देव होणं ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हती. मेलेल्या सम्राटाला सिनेट रीतसर ठराव करून देव करी. येशूच्या काळातल्या तिबिर्य कैसराच्या नाण्यावर तो ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ असल्याचं कोरलेलं असे. यहूदी लोकांचं मात्र उलटं. ‘हे इस्राएला, ऐक, आपला देव परमेश्वर एकच परमेश्वर आहे’ हे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होतं, आणि ते फक्त ओठांवर नव्हतं. इ.स. 40 च्या सुमाराला कॅलिग्युला बादशहाने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात बसवायचा हुकूम सोडला. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस फौज घेऊन निघाला. गालीलातल्या तिबिर्या शहरात लोकांचे लोंढे त्याच्यापुढे येऊन आडवे पडले, माना पुढे केल्या आणि म्हणाले, आधी आम्हाला मारा. पेरणीचे दिवस होते. शेतं पडीक राहिली तरी माणसं हलेनात. जोसेफस ह्या यहूदी इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. पुतळा काही बसला नाही. पुढच्याच वर्षी कॅलिग्युलाचा खून झाला.

म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर अवघ्या दहाएक वर्षांत, त्याच गालीलात, एका माणसाला देवाच्या जागी बसवण्यापेक्षा मेलेलं बरं असं म्हणणारे हे लोक. येशूचे पहिले शिष्य ह्यांच्यातलेच. अशा माणसांपुढे कोणी ‘मी देव आहे’ म्हणाला असता तर त्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला असता: स्वर्गातल्या ज्या पित्याची तुम्ही प्रार्थना करता, तो मीच. आणि येशू हे कधीच म्हणाला नाही. तो स्वतः त्या पित्याची प्रार्थना करतो, पित्याने मला पाठवलं म्हणतो. ते वाक्य त्याच्या तोंडी असतं तर ऐकणाऱ्यांची दिशाभूलच झाली असती. म्हणून वाक्य शोधण्यापेक्षा तो काय करतो ते बघा, आणि ते बघून त्याचे विरोधक का भडकतात ते बघा.

मी नेहमी मार्कापासून सुरू करते. चारांतलं हे सगळ्यात जुनं शुभवर्तमान, असं बहुतेक अभ्यासक मानतात. साधारण सन 70 च्या आसपासचं. ‘येशूला देव केलं ते योहानाने, नंतर’ असं म्हणणाऱ्यांसाठी तर मार्कच बरा.

दुसरा अध्याय. कफर्णहूमातलं एक घर, दारापर्यंत गर्दी. चार जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, आत शिरता येत नाही म्हणून छपरावर चढतात आणि चक्क छप्पर उकरतात. तुळया, फांद्या आणि वर मातीचा थर अशी तिथली छपरं असत. खाली बसलेल्या शास्त्र्यांच्या, म्हणजे यहूदी नियमशास्त्राच्या पंडितांच्या, डोक्यावर ढेकळं पडली असणार. खाट खाली येते. आता तो ह्याला बरं करणार म्हणून सगळे टक लावून बघताहेत, आणि येशू म्हणतो, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’

शास्त्री मनात म्हणतात, हा देवाची निंदा करतोय. एका देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांना आपण गोष्टीतले खलनायक समजतो, पण त्यांचं धर्मशास्त्र अगदी बरोबर होतं. क्षमेला मंदिर होतं, यज्ञ होता, याजक होता. संदेष्टा फार तर निरोप देई. दावीद राजाला नाथानाने सांगितलं ते ‘परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे’ असं. येशूलाही तसंच म्हणून सुटता आलं असतं: बाबांनो, मी नुसता निरोप्या. तो उलट धार लावतो. ‘मनुष्याच्या पुत्राला पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हाला कळावं म्हणून’ असं म्हणतो (मनुष्याचा पुत्र म्हणजे तो स्वतः) आणि त्या माणसाला उठवून चालायला लावतो.

चौथ्या अध्यायातलं वादळ तर मला ह्या सगळ्या विषयाचा गाभाच वाटतं. संध्याकाळ, नाव, लाटा आत येताहेत, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ती उशी फक्त मार्क सांगतो. मत्तय आणि लूक हीच घटना सांगतात, पण त्यांच्याकडे उशी नाही. दिवसभर बोलून थकलेला माणूस झोपतो तसा तो झोपलाय. आणि यहूदी शास्त्रातलं 121 वं स्तोत्र पाठ असलेल्या वाचकाला इथे ठेच लागते, कारण ते म्हणतं, इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, झोपतही नाही. मग तो उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्राला गप्प राहायला सांगतो आणि सगळं शांत होतं. 107 व्या स्तोत्रात नेमकं हेच आहे: समुद्रावरची माणसं संकटात परमेश्वराचा धावा करतात, तो वादळ शमवतो, लाटा थांबतात. इथे मध्ये प्रार्थना नाही. मोशेने समुद्रावर हात उगारला तो देवाच्या आज्ञेवरून. येशू कोणाची आज्ञा घेत नाही, कोणाचं नाव घेत नाही. शिष्य वादळाला घाबरले होते, त्याहून जास्त आता घाबरतात. ‘हा आहे तरी कोण?’ मार्क ह्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. स्तोत्रं येत असतील तर तुमचं तुम्हाला कळतं.

तिसरी जागा म्हणजे रात्रीचा खटला, चौदावा अध्याय. साक्षीदारांच्या साक्षी जुळेनात, तेव्हा मुख्य याजक सरळ विचारतो: धन्यवादित देवाचा पुत्र ख्रिस्त तो तू आहेस काय? येशू म्हणतो, ‘मी आहे’, आणि पुढे जोडतो की मनुष्याच्या पुत्राला तुम्ही सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेलं आणि आकाशाच्या मेघांसह येताना पाहाल. याजक आपले कपडे फाडतो. आता नुसतं ‘मी मसीहा आहे’, म्हणजे देवाने नेमलेला राजा (‘ख्रिस्त’चा अर्थ तोच), असं म्हणणं ही काही ईशनिंदा नव्हती. शंभरेक वर्षांनी रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबाला खुद्द रब्बी अकिवाने मसीहा म्हटलं अशी यहूदी परंपरा आहे. त्यापायी कोणी कपडे फाडले नाहीत. फाडायला लावलं ते उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाने. ‘माझ्या उजवीकडे बस’ हे 110 व्या स्तोत्रातलं; मेघांसह येणारा, ज्याचं राज्य कधी नष्ट होणार नाही तो मनुष्याच्या पुत्रासारखा कोणी, हे दानिएलाच्या सातव्या अध्यायातलं. दोन्ही एकत्र करून हा बांधलेला आरोपी सांगतोय की देवाच्या सिंहासनात माझा वाटा आहे आणि तुमचा न्याय मी करणार आहे. तुम्ही जे वाक्य मागता ते त्या न्यायसभेनेही ऐकलं नव्हतं. त्याच्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

मार्काच्याही आधीची आहेत पौल ह्या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाची पत्रं. सन 55 च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिताना तो ‘आपला देव परमेश्वर एकच’ ही प्रार्थनाच घेतो आणि तिच्यात दोघांना बसवतो: एकच देव जो पिता, ज्याच्यापासून सर्व आहे; आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त, ज्याच्याद्वारे सर्व आहे. फिलिप्पैच्या पत्रात येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकेल असं येतं. ते शब्द यशयाच्या 45 व्या अध्यायातले आहेत, आणि तिथे परमेश्वर ते स्वतःबद्दल बोलतो, ‘मीच देव आहे, दुसरा कोणी नाही’ असं बजावून. पौल हा कडवा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला. त्याला हे लिहिताना आपण दोन देव मानतोय असं वाटलेलं दिसत नाही, आणि ह्यावरून त्याचं आणि येशूचा शिष्य पेत्र ह्याचं भांडण झाल्याचंही दिसत नाही. विदेश्यांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, पंगतीला बसण्यावरून मात्र दोघांची भर मंडळीत जुंपली होती.

आता येशू देव नाही असं दाखवायला तुमच्या हातात असलेली वचनं. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे.’ ‘मला उत्तम का म्हणतोस? देवावाचून कोणी उत्तम नाही.’ ‘त्या दिवसाविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही.’ ही अडचणीची वचनं आहेत आणि ती अडचणीचीच राहू द्यावीत असं माझं मत आहे. ‘हे तो माणूस म्हणून बोलला, ते देव म्हणून बोलला’ अशी वाटणी करून टाकणारं स्पष्टीकरण मला पटत नाही. त्याने येशूचे दोन तुकडे होतात. नावेत झोपलेला एक आणि वादळाला दटावणारा दुसरा असं मार्क तर सांगत नाही. तो एकच आहे. तिसऱ्या वचनाची उतरंड मात्र नीट बघा: कोणालाच नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. जो आपलं अज्ञान सांगतोय तो ते सांगता सांगता स्वतःला दूतांच्या वर ठेवतोय. ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द मत्तयाच्या काही हस्तलिखितांत गाळलेले आहेत. नकलून घेणाऱ्यांनाही ते जड गेले असावेत. पण मार्कात ते टिकले. येशूला देव ठरवायचा कट असता तर पहिली कात्री इथे लागली असती.

पुत्र पित्याकडून आहे, पित्याचं ऐकतो, आणि तरी पित्याला मिळणारा मान त्याला मिळतो, ही योहानाचीही भूमिका आहे. योहान ती उघड मांडतो, एवढाच फरक. त्याच्या पहिल्याच वाक्यात शब्द देवासह होता आणि शब्द देव होता. शेवटाकडे थोमा हा शिष्य, ज्याला जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’ येशू त्याला थांबवत नाही. ह्याचं वजन कळायला नव्या करारातली बाकीची उदाहरणं शेजारी ठेवावी लागतात. कर्नेल्य हा रोमन सैन्याधिकारी पाया पडतो तेव्हा पेत्र म्हणतो, ऊठ, मीही माणूसच आहे. लुस्त्रात लोक पौल आणि बर्णबा ह्यांना देव समजून बैल कापायला निघतात, तर हे दोघे कपडे फाडत गर्दीत धावतात. प्रकटीकरणात योहान दूतापुढे वाकतो तेव्हा दूत म्हणतो, असं करू नको, देवाला नमन कर. आणि त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सगळी सृष्टी सिंहासनावर बसलेल्याला आणि कोकऱ्याला, म्हणजे येशूला, एकाच स्तुतीत धन्यवाद देते. तिथे कोणी अडवत नाही.

निकेया इथल्या बिशपांच्या सभेची गोष्ट थोडक्यात, कारण तो फॉरवर्ड दरवर्षी येतो: ‘सन 325 मध्ये कॉन्स्टंटाइनने मतदान घेऊन येशूला देव केलं.’ त्याच्या दोनशे वर्षं आधी, 112 च्या सुमारास, प्लिनी नावाचा रोमन सुभेदार ट्राजन बादशहाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. निकेयातला वाद वेगळाच होता. ज्याच्या शिकवणीवरून तो पेटला तो धर्मगुरू एरियसही पुत्राची भक्ती करत होता; पण पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असा काळ होता, असं त्याचं म्हणणं. सभेने ते नाकारलं. आणि कॉन्स्टंटाइनला शेवटी 337 मध्ये बाप्तिस्मा दिला तो एरियसची बाजू घेणाऱ्या बिशपने. बादशहाने सगळं ठरवून टाकलं असेल तर ते फारच ढिसाळपणे ठरवलं म्हणायचं.

जाता जाता आमच्याही मंडळींना एक सांगणं. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जुन्या छापांमध्ये ‘पिता, शब्द व पवित्र आत्मा, हे तिघे एक आहेत’ असं वाक्य असतं. ते वादात वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस ह्या विद्वानाच्या 1516 आणि 1519 च्या छापील ग्रीक नव्या करारातही नव्हतं, दबाव आल्यावर 1522 च्या आवृत्तीत त्याने घातलं. ते काढल्याने आपलं काही जात नाही, आणि ते रेटल्याने समोरच्याचा विश्वास जातो.

तुम्हाला खरंच तपासून बघायचं असेल तर सुटी वचनं मोबाईलवर शोधू नका. मार्क एका बैठकीत वाचा, दोन तासांच्या आत होतो. दानिएलाचा सातवा अध्याय आणि 107 व 110 ही स्तोत्रं आधी वाचून ठेवा. योहान नंतर. आणि वाचताना कुठे अडलात तर तो अध्याय घेऊन या, आपण तिथून पुढे बोलू.