डोलीमागून मद्महेश्वरला

आळंदी ते पंढरपूर मी सहा वेळा चालले आहे. मद्महेश्वर म्हणजे उत्तराखंडात उंच डोंगरावरचं शंकराचं देऊळ; हिवाळ्यात देव खाली ऊखीमठला असतो, उन्हाळ्यात डोलीतून वर जातो. त्यामुळे मे 2024 मध्ये ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरातून मद्महेश्वराची डोली निघाली, तेव्हा पाय आपसूकच तिच्यामागे पडले. आपल्या पालखीसारखेच हिचेही मुक्काम ठरलेले. पहिली रात्र रांसीला राकेश्वरी देवीपाशी, दुसरी गौंडारला, तिसऱ्या दिवशी देव आपल्या घरी. पुढे ढोल-दमाऊ, ही तिकडची वाद्यं, वाजत होती. टाळ नव्हते, हात मोकळे मोकळे वाटत होते.

गाडीरस्ता रांसीच्या जरा पुढे संपतो. तिथून गौंडार सहा किलोमीटर, जंगलातली पायवाट. गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, पत्रे, सगळं खेचरांच्या पाठीवर. आम्ही डोंगराच्या अंगाला चिकटून त्यांना वाट द्यायचो. हा मुलूख केदारनाथ अभयारण्याचा आहे आणि इथे रस्ता काढायचा तर आधी वनखात्याची परवानगी हवी.

गौंडार हे खोऱ्यातलं शेवटचं गाव. ज्यांच्या घरी उतरले, त्या आजोबांनी चुलीपाशी बसवून सांगितलं, "1997 ला रुद्रप्रयाग जिल्हा झाला. त्याआधी आम्ही चमोलीत, कागदासाठी गोपेश्वर गाठायचो. आता रुद्रप्रयागला जातो. पण कुठेही जायचं तर आधी रांसीचा चढ चढायचा, तो काही कमी झाला नाही." पटवाऱ्याबद्दलही ते आदराने बोलले. आपल्याकडे तलाठी सातबाऱ्यापुरता. गढवालच्या डोंगरी गावांत मात्र इंग्रजांच्या काळापासून पटवारीच गुन्ह्याचा तपासही करायचा. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने ही पद्धत बंद करायला सांगितलं.

पहाटे बणतोलीला नदीपाशी आलो. ऑगस्ट 2023 च्या पुरात इथला पूल वाहून गेला होता आणि वर अडकलेल्या यात्रेकरूंना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. आता लाकडाचा तात्पुरता पूल होता. डोली त्यावरून गेली तेव्हा सगळे गप्प झाले, ढोलसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मी खाली पाहिलं नाही, विठ्ठलाचं नाव घेत पलीकडे गेले.

पुढे सुमारे दहा किलोमीटर नुसता चढ. वाटेत खटारा, नानू, मैखंबा, कूनचट्टी हे टप्पे. दिवेघाट मला कठीण वाटायचा! नानूच्या वर दम इतका लागला की एका बाईने माझी पिशवी न विचारता खांद्यावर घेतली. "चलो दीदी," एवढंच म्हणाली. झाडी संपली, बुग्याल, म्हणजे उंचावरचं कुरण, उघडलं आणि 3497 मीटरवरचं ते दगडी देऊळ समोर आलं. मी तिथेच गवतात बसून रडले.

जुलैत बातमी आली, तो लाकडी पूलही गेला. लगेच गौंडारला फोन लावला. तीन दिवसांनी लागला. आजोबांनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, घरात पीठ आहे, पण खेचरं पलीकडेच अडकलीत.