टेंडर उघडायचं कुठं?

हिंदुस्थानी मालाला सरकारी खरेदीत प्राधान्य द्यायचं, हे व्हाइसरॉय रिपनच्या काळात १८८३ मध्येच ठरलं होतं. तरीही पुलांचे गर्डर, रूळ, इंजिनं विलायतेहूनच येत राहिली. नियमात अट होती: देशी माल दर्जाला आणि भावाला विलायतीच्या तोडीचा हवा. पण तोड जोखायची कुठं, हा खरा प्रश्न.

बांधकाम खात्यातून निघालेला इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, लंडनला इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या) स्टोअर खात्यात जाई. टेंडर तिथंच, पौंडांत, तपासणीही तिथंच. इथल्या ओतशाळेला मागणीचा पत्ताच लागत नसे. शिवाय मालाचे तपशील इंग्लंडमधल्या मापांवर बेतलेले. इथं त्या मापाचे रूळ-गर्डर लाटून काढणारी गिरणी नसेल, तर भाव कितीही कमी असून उपयोग नव्हता.

टाटांचं पोलाद याला अपवाद ठरलं, कारण तिथं नुसतं प्राधान्य नव्हतं, ठरलेलं गिऱ्हाईक होतं. रेल्वे बोर्डानं दरवर्षी २०,००० टन रूळ दहा वर्षं घेण्याचं कबूल केलं. भाव आयात रुळांइतका, कसोटीला उतरले तरच. साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९१२ मध्ये पोलाद निघू लागलं. पण भाव आयातीशी बांधला की परदेशी माल स्वस्त झाला की कारखाना कोंडीत सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर तसंच झालं, आणि १९२४ च्या कायद्यानं संरक्षक जकात व रुळांवर अनुदान द्यावं लागलं.

याउलट सिंगभूमची (आजच्या झारखंडातली) रेल्वे इंजिनं बनवायला निघालेली पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनी. १९२१ मध्ये सरकारनं इंजिनांची टेंडरं हिंदुस्थानात मागवू म्हटलं. मागवू म्हणजे घेऊ नव्हे! ऑर्डरी मिळाल्या नाहीत, कारखाना सरकारनंच विकत घेतला. इंजिनं इथं बनत नव्हती असंही नाही. अजमेरला १८९५ मध्ये, जमालपूरला १८९९ मध्ये ती रेल्वेच्याच कार्यशाळांत बनली होती.

गाडी रुळावर आली ती खरेदीची जागा बदलल्यावर. १९२२ मध्ये सरकारी खरेदी इथूनच करणारं इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं, कलकत्त्याच्या अलिपूर टेस्ट हाउसमध्ये माल इथंच तपासता येऊ लागला. मग १९३१ पासून रुपया टेंडर: भाव रुपयांत, माल हिंदुस्थानात पोचता करायचा, पैसेही इथंच. प्राधान्याचा क्रम असा: आधी पूर्ण देशी माल, मग अंशतः देशी, मग इथं साठ्यात असलेला परदेशी, आणि सगळ्यात शेवटी मुद्दाम मागवायचा.